व्हाइल लूपमधला प्रश्न उत्तराची वाट न पाहताच पुढे का जातो?

पावतीवाली

नमस्कार. इंदूरमध्ये रामबागेजवळ आमचे एक छोटे मराठी वाचनालय आहे आणि तेथील दिवाळी अंक योजनेचा हिशेब माझ्याकडे असतो. सभासदांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, एका ओळीवर एक सभासद. दर वर्षी छापील यादीवर पेन्सिलीने खुणा करून वर्गणी कोणाची आली आणि कोणाची राहिली हे पाहावे लागते, म्हणून यंदा मी बॅशमध्ये (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा एक शेल) एक स्क्रिप्ट लिहिली. व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना, यादीतली एकेक ओळ रीडने वाचतो, सभासदाचे नाव पडद्यावर दाखवतो, "वर्गणी आली का? ह किंवा न" असे विचारतो, दुसऱ्या रीडने माझे उत्तर घेतो आणि उत्तर "ह" असेल तर ती ओळ पावत्यांच्या फाइलमध्ये जोडतो. यादी लूपच्या शेवटी, डनच्या पुढे "<" हे चिन्ह देऊन जोडली आहे.

अडचण अशी की स्क्रिप्ट प्रश्न विचारते, पण माझ्या उत्तरासाठी थांबतच नाही. चाचणीसाठी १४ ओळींची यादी घेतली होती. त्यात १०१ दिसला, प्रश्न उमटला आणि लगेच "उत्तर समजले नाही" असे येऊन १०३ दिसला. मग १०५, १०७ असे करत ११३ पर्यंत. एकूण ७ प्रश्न, आणि एकाही वेळी मला कळफलकाला हात लावता आला नाही. मध्ये दोन सेकंदांची विश्रांती घालून पाहिली, तर तोच गोंधळ सावकाश झाला. मग प्रश्न एको या मजकूर छापणाऱ्या आज्ञेऐवजी रीडच्या -पी पर्यायाने विचारून पाहिला, तर प्रश्न दिसायचाही बंद झाला. तीच रीडची ओळ टर्मिनलवर एकटी चालवली तर नीट थांबते.

मोबाइलवरून लिहीत असल्यामुळे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व. उत्तर देणाऱ्यांनीही तसेच केले तर मला वाचायला सोपे जाईल.

पलासियाकर

रीडऐवजी फॉर लूप वापरून पाहावा. "फॉर ओळ इन", त्यापुढे डॉलर आणि कंसात कॅट आणि यादीचे नाव. मी नेहमी असेच करतो आणि मला ही अडचण कधी आली नाही.

पावतीवाली

करून पाहिले. स्क्रिप्ट आता उत्तरासाठी थांबते हे खरे, परंतु "१०३ सौ. कुलकर्णी" या एका ओळीचे तीन सभासद झाले आणि "सौ." यांची वर्गणी आली का, असा स्वतंत्र प्रश्न मला विचारण्यात आला. त्याहून विचित्र म्हणजे आजीव सभासदांच्या नावापुढे मी तारा काढून ठेवला आहे, तेथे पोहोचल्यावर त्या फोल्डरमधील सगळ्या फाइलींची नावे सभासद म्हणून रांगेत उभी राहिली.

जुना_प्रशासक

ताई, फॉरचा तो उपाय सोडून द्यावा. अवतरणचिन्हांशिवाय टाकलेला मजकूर शेल मोकळ्या जागांवर तोडतो आणि त्यातील ताऱ्याचा अर्थ "इथल्या सगळ्या फाइली" असा लावतो. पलासियाकरांच्या याद्यांमध्ये बहुधा एकशब्दी नावेच असतील, म्हणून त्यांचे निभावले.

आपली मूळ स्क्रिप्ट चुकीची असली तरी चुकीच्या मार्गावर नव्हती. तिच्यात काय घडते आहे हे पाहायचे असेल तर "उत्तर समजले नाही" या वाक्याच्या आधी उत्तराचे चल (ज्यात उत्तर साठवले जाते ते व्हेरिएबल) छापून पाहावे. माझा अंदाज आहे की १०१ च्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्याला १०२ ची संपूर्ण ओळ दिसेल.

कारण असे. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच तीन क्रमांकांच्या वाटा मिळतात: ० ही आत येणाऱ्या मजकुराची, १ ही बाहेर जाणाऱ्या मजकुराची आणि २ ही चुकांच्या संदेशांची. रीडला आपण काही वेगळे सांगितले नाही तर तो ० वरून वाचतो. एरवी ० ही वाट टर्मिनलला, म्हणजे आपल्या कळफलकाला जोडलेली असते, म्हणून आपली एकटी रीडची ओळ नीट थांबली. पण डनच्या पुढे "< यादी" लिहिले की संपूर्ण लूपपुरती ० ची वाट कळफलकापासून सुटून यादीला जोडली जाते. ती केवळ बाहेरच्या रीडसाठी जोडली जाते असा आपला समज होतो आणि घोटाळा तेथेच आहे. लूपच्या पोटात जे जे काही ० वरून वाचेल ते यादीतूनच वाचेल. दोन रीड एकाच पानात जेवायला बसले आहेत: एक घास बाहेरच्याने घेतला की पुढचा आतल्याने उचलला. १४ ओळींचे ७ प्रश्न झाले ते असे, आणि विश्रांती घालून काही साधले नाही तेही यामुळेच, कारण आतला रीड घाईत नव्हता. त्याच्यासाठी उत्तर आधीच ताटात होते.

-पी पर्यायाने प्रश्नच नाहीसा झाला हा खरे तर सर्वांत बोलका पुरावा होता. बॅशमध्ये -पीचा प्रश्न फक्त तेव्हाच उमटतो, जेव्हा रीडला येणारा मजकूर टर्मिनलवरून येत असतो. समोर माणूस नसेल तर विचारायचे कोणाला, असा त्यामागचा विचार आहे. म्हणून लूपमधला -पीचा प्रश्न गायब झाला की ० ची वाट कोणीतरी वळवली आहे असे खुशाल समजावे. मी तरी पहिली चाचणी हीच करतो.

आता एक बारकावा, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. आतल्या रीडला नेमकी पुढचीच ओळ कशी मिळते? बहुतेक प्रोग्रॅम फाइल वाचताना मोठा तुकडा एकदम उचलून स्वतःच्या साठ्यात ठेवतात, आणि तसे झाले असते तर बाहेरच्या रीडनेच सगळी छोटी यादी पहिल्या झटक्यात गिळली असती. परंतु शेलला हे ठाऊक असते की आपल्यानंतर त्याच वाटेवरून दुसरे कोणी वाचणार आहे, म्हणून तो ओळीच्या शेवटाच्या पुढे एक बाइटही स्वतःकडे ठेवत नाही. समोर पाइप (एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याला देणारी जोडणी) असेल तर तो अक्षरशः एकेक बाइट वाचतो. समोर साधी फाइल असेल तर बॅश तुकडा उचलतो, पण ओळ कोठे संपली हे पाहून वाचनाची जागा तेथपर्यंत मागे नेऊन ठेवतो. एसट्रेस हे प्रोग्रॅमच्या हालचाली दाखवणारे साधन लावून पाहिले तर प्रत्येक ओळीनंतर हे मागे सरणे डोळ्यांनी दिसते. मोठ्या फाइलीवर व्हाइल रीड मंद का चालतो, याचेही बरेचसे उत्तर यातच आहे.

उपाय सोपा आहे. यादीला ० वर आणूच नये. तिला ३ क्रमांकाची स्वतंत्र वाट द्यावी. शेवटी "डन ३< यादी" असे लिहावे आणि बाहेरच्या रीडच्या पुढे "<&३" जोडावे. आतल्या रीडला काहीही करू नये; त्याची ० ची वाट कळफलकाकडेच राहील. ३ आणि "<" यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नये, नाहीतर तो ३ वाटेचा क्रमांक न राहता सुटा शब्द होतो आणि शेल वाक्यरचनेची चूक दाखवतो. ३ ते ९ हे आकडे बिनधास्त वापरावेत. ९ च्या पुढचे काही क्रमांक शेल स्वतःच्या कामासाठी वापरू शकतो.

बाहेरच्या रीडच्या आधी "आयएफएस=" आणि नंतर "-आर" असावे हेही पाहून घ्यावे. पहिल्यामुळे ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा शाबूत राहतात आणि दुसऱ्यामुळे उलटी तिरपी रेघ गिळली जात नाही. पत्त्यात कोणी घर क्रमांक उलट्या रेघेने लिहिला असेल तर "-आर" नसल्यास ती रेघ निमूटपणे नाहीशी होते.

रात्रपाळी

काकांचा उपाय बरोबरच आहे, पण बाहेरचे काही न बदलता आतल्या रीडपुढेच "< /डेव्ह/टीटीवाय" लिहिले तर एका जागी काम होते. ती फाइल म्हणजे स्क्रिप्ट ज्या टर्मिनलवरून चालली आहे ते टर्मिनल. ० कोठेही वळवलेला असो, उत्तर माणसाकडूनच येते.

जुना_प्रशासक

ते चालते, आणि पासवर्ड विचारायचा असेल तर मी स्वतः तेच करीन. मात्र इतर प्रश्नांसाठी मला ते आवडत नाही, कारण मग त्या स्क्रिप्टची चाचणी करायला दर वेळी माणूस बसवावा लागतो. यादी ३ वर आणि माणूस ० वर असेल तर उत्तरांची एक फाइल करून ती पाइपने स्क्रिप्टला देता येते आणि १४ सभासदांची चाचणी क्षणात होते. टीटीवाय लिहिले की पाइपमधून दिलेल्या उत्तरांकडे तो रीड ढुंकूनही पाहत नाही. शिवाय उद्या कोणी ती स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) टाकली तर तेथे टर्मिनलच नसल्यामुळे ती फाइल उघडतानाच चूक येते. समोर माणूस आहे की नाही हे आधी पाहायचे असेल तर "टेस्ट -टी ०" आहेच.

रात्रपाळी

चाचणीचा मुद्दा मान्य. क्रॉनचा मात्र तितकासा नाही. मध्यरात्री चालणाऱ्या स्क्रिप्टने प्रश्न विचारावाच का? तेथे ती लगेच चुकून थांबली तर मी त्याला दोष मानणार नाही.

पावतीवाली

काका, चल छापून पाहिले आणि खरोखरच १०१ चे उत्तर म्हणून १०२ ची पूर्ण ओळ आली. आता ३ ची वाट दिली आहे आणि स्क्रिप्ट शहाण्यासारखी थांबते. (मोकळ्या जागेची चूक मी केलीच होती, तिचा संदेश वाचून मग आपले वाक्य पुन्हा वाचले.)

दोन गोष्टी उरल्या आहेत. एक म्हणजे १४ पैकी १३ प्रश्नच येतात; शेवटचा ११४ क्रमांकाचा सभासद दिसत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. कोणी "ह" किंवा "न" सोडून भलतेच टंकले तर पुन्हा विचारावे म्हणून मी आत आणखी एक लूप घातला. आपण सुचवल्याप्रमाणे उत्तरांची फाइल पाइपने दिली, पण तिच्यात चुकून पाचच उत्तरे होती. सहाव्या सभासदाला "कृपया ह किंवा न लिहा" हे वाक्य इतक्या वेगाने धावू लागले की कंट्रोल-सी दाबेपर्यंत पडदा भरून वाहिला.

सुट्टीचा_विद्यार्थी

११४ चे मी सांगतो, कारण माझ्या प्रकल्पात हेच झाले होते. आपल्या फाइलीच्या अगदी शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल. अशा वेळी रीड चलात मजकूर भरतो, पण ओळ पुरी झाली नाही म्हणून अपयशाचा संकेत परत देतो आणि व्हाइल ते पाहून लूपमध्ये शिरतच नाही. रीडच्या पुढे "||" लिहून "ओळ रिकामी नसेल तर" ही अट, म्हणजे "[[ -एन $ओळ ]]", जोडावी. यादी विंडोजवरून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्नही असतो. तोही काढून टाकावा, नाहीतर शेवटच्या रकान्याची तुलना कधीच जुळत नाही.

जुना_प्रशासक

विद्यार्थ्याने बरोबर सांगितले. धावत्या वाक्याचे कारणही त्याच संकेतात आहे. मजकूर संपला की रीड थांबून राहत नाही. तो तत्काळ अपयश परत देतो आणि उत्तराचे चल रिकामे ठेवतो. आपला आतला लूप फक्त चलाकडे पाहतो आणि संकेताकडे दुर्लक्ष करतो, म्हणून रिकामे उत्तर, पुन्हा प्रश्न, पुन्हा रिकामे उत्तर, असे चक्र फिरत राहते. कळफलकावर कंट्रोल-डी, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, दाबले तरी असेच होऊ शकते. "उत्तर चुकीचे आले" आणि "आता उत्तर येणारच नाही" या दोन स्थिती वेगळ्या आहेत आणि त्यांचा बंदोबस्तही वेगळा हवा. आतला रीड असा लिहावा: "रीड -आर उत्तर || ब्रेक २". नुसता ब्रेक फक्त पुन्हा विचारणारा लूप तोडील आणि बाहेरचा लूप पुढच्या सभासदाकडे जाऊन तेथेही तसाच अडखळेल. २ लिहिल्याने दोन्ही लूप एकदम सुटतात.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. एका कार्यालयात माझ्याच अशा लूपने रात्रभर नोंदवही लिहीत डिस्क भरली होती, आणि सकाळी पोहे खाऊन पोहोचलो तेव्हा कोणालाही लॉगिन करता येत नव्हते.

सुट्टीचा_विद्यार्थी

एंटर दाबण्याचा त्रास नको म्हणून मी आतल्या रीडला "-एन १" देतो, म्हणजे एक अक्षर आले की पुढे जाते. ताईंच्या वाचनालयातील गर्दीच्या वेळी ते उपयोगी पडेल.

पावतीवाली

लावून पाहिले आणि पुन्हा घोळ झाला. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या आजी "ह" असे नुसते लिहीत नाहीत, पूर्ण "हो" लिहितात. १०१ ला "हो" लिहिले की १०२ ला स्क्रिप्ट न थांबताच उत्तर चुकले असे सांगते. यादी तर आता ३ वर आहे, मग हे काय?

जुना_प्रशासक

येथे दोष आपल्या लिपीचा नाही, "-एन १" चा आहे. पडद्यावर "हो" हे एक अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ते "ह" आणि ओकाराची मात्रा असे दोन वर्ण आहेत. रीडने पहिला घेतला आणि मात्रा वाटेत तशीच पडून राहिली. १०२ च्या प्रश्नाला तीच उत्तर म्हणून मिळाली. लोकेल (संगणकाची भाषा-लिपीची मांडणी) यूटीएफ-८ नसेल तर आणखी पंचाईत होते, कारण "ह" एकटाच तीन बाइटांचा आहे आणि रीड त्यातला पहिलाच बाइट उचलून निघून जातो. इंग्रजी उत्तरातही हीच गत होते: सवयीने वाय दाबून एंटर मारला की तो एंटर पुढच्या प्रश्नाचे रिकामे उत्तर ठरतो. आजी आहेत तोपर्यंत पूर्ण ओळ वाचावी आणि तिची सुरुवात "ह"ने होते का, एवढेच केस या तुलनेच्या रचनेत "ह*" लिहून पाहावे.

विजयनगर_मॅक

मॅकवाल्यांसाठी दोन इशारे. मॅकबरोबर येणारा बॅश अजूनही ३.२ आहे, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडएसएच हा दुसरा शेल मिळतो. त्यात रीडच्या -पीचा अर्थच निराळा आहे. तेथे तो सहप्रक्रियेतून (शेलने सोबत चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून) वाचायला जातो आणि अशी प्रक्रिया नाही म्हणून तक्रार करतो. उबंटूवर "एसएच स्क्रिप्ट" असे चालवले तर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तेथे डॅश हा आणखी साधा शेल चालतो; त्याला "रीड -यू ३" (३ च्या वाटेवरून वाच) कळत नाही, पण काकांनी सांगितलेले "<&३" कळते.

पलासियाकर

फॉरवरून माझी फजिती झालीच आहे, तरी एक सुचवतो. यादी लहान असेल तर मॅपफाइलने, "-टी" देऊन, सगळ्या ओळी आधीच एका ॲरेमध्ये (अनेक मूल्यांची क्रमवार यादी ठेवणारे चल) भराव्यात आणि मग त्या ॲरेवर, या वेळी अवतरणचिन्हांसह, फॉर चालवावा. लूप सुरू होण्याआधीच यादी वाचून झालेली असल्यामुळे ० मोकळा राहतो आणि शेवटच्या ओळीचा एंटर नसला तरी ती ओळ सुटत नाही. मॅपफाइल २००९ च्या बॅश ४.० मध्ये आला, त्यामुळे मॅकवाल्यांना तो मिळणार नाही.

जुना_प्रशासक

हे उत्तम आहे. शे-दोनशे सभासदांसाठी मीही हेच लिहीन.

रात्रपाळी

याच जातीची एक अडचण नोंदवून ठेवतो, कारण तीत रीड कोठे दिसतच नाही. तीन सर्व्हरांची नावे फाइलमध्ये होती, व्हाइल रीडने एकेक नाव घेऊन आत एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) चालवत होतो, आणि काम दर वेळी पहिल्याच सर्व्हरवर होऊन लूप शांतपणे संपत असे. चूक नाही, संदेश नाही. एसएसएच ० वरून जे मिळेल ते पलीकडे पाठवण्यासाठी उचलतो, आणि शेलसारखी ओळीवर थांबण्याची शिस्त त्याच्याकडे नाही. उरलेली दोन नावे त्याने पहिल्याच फेरीत गिळली. "एसएसएच -एन" केल्यावर सुटले. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमलाही लूपमध्ये "-नोस्टडीन" द्यावे लागते.

पावतीवाली

आणखी एकच. यादी नावांच्या क्रमाने हवी म्हणून मी सॉर्टचा पाइप थेट व्हाइलला जोडला, तर लूपमध्ये मोजलेली वर्गणीदारांची संख्या शेवटी शून्य छापली जाते. लूपच्या आत छापली तर बरोबर वाढताना दिसते.

जुना_प्रशासक

बॅश पाइपमधला प्रत्येक टप्पा वेगळ्या उपशेलमध्ये, म्हणजे मूळ शेलच्या तात्पुरत्या प्रतीत, चालवतो. आपली संख्या त्या उपशेलात वाढली आणि त्याच्याबरोबर गेली. कॉर्न शेल आणि झेडएसएच शेवटचा टप्पा मूळ शेलातच चालवतात, म्हणून तेथे हे दिसत नाही. १९७९ च्या मूळ बोर्न शेलमध्ये तर नुसते "डन < यादी" लिहिले तरी लूप उपशेलात जात असे, त्या मानाने आपण सुखी आहोत. पाइप काढावा आणि शेवटी "डन ३< <(सॉर्ट यादी)" असे लिहावे. यात दोन "<" वेगवेगळे आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा लागते; दुसरा मात्र कंसाला चिकटून असावा. पाइपमध्ये ० चीही वाट अडत होती, तो प्रश्नही त्याबरोबर मिटेल. ही रचना बॅशची आहे, डॅशमध्ये चालणार नाही.

पावतीवाली

शनिवारी संध्याकाळी आजींनी आणि मी पूर्ण यादी चालवली. मध्येच दिवे गेले, म्हणून पुन्हा सुरू करताना ज्यांची पावती झाली आहे त्यांना वगळण्यासाठी लूपमध्ये ग्रेप ही मजकूर शोधणारी आज्ञा घातली: सभासद क्रमांक पावत्यांच्या फाइलमध्ये सापडला तर पुढे चला. पहिल्या खेपेला ग्रेपपुढे फाइलचे नाव लिहायचेच राहिले. पहिल्याच नावावर प्रश्न न येता कर्सर नुसता लुकलुकत राहिला, आणि मी टंकलेले "ह" कोठे जात होते हे या वेळी कोणाला विचारावे लागले नाही. फाइलचे नाव लिहिले आणि उरलेले २३ सभासद आजींनी एका बैठकीत संपवले. त्या अजूनही "हो" असेच लिहितात.